मोडायला निघालात, पण ती एफडी नाही

प्रश्न: मी ४१ वर्षांचा, दहिसरला राहतो, खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. हातात ६८ हजार येतात, पत्नी शिकवण्यांतून १२ हजार मिळवते, मुलगी नववीत आहे. गृहकर्जाचा हप्ता २७ हजार, बचत खात्यात लाखभर. आमच्या भागातल्या हौशी नाट्यसंस्थेच्या तालमींचे आणि प्रयोगांचे फोटो बरीच वर्षं काढतोय. आधी फुकट, आता कधीमधी दीड हजार मानधन मिळतं; गेल्या वर्षी सहा वेळा मिळालं. फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा आणि ७०-२०० एफ २.८ लेन्स घ्यायचा विचार आहे, एकूण ३ लाख ४० हजार. वर्षाला तीस प्रयोग, प्रत्येकी पाच हजार धरले तर सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. २४ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घेऊ, की बँकेतली ३ लाखांची एफडी मोडू? ही एफडी शाखेतल्या ओळखीच्या साहेबांनी करून दिली, ७० टक्के परतावा आहे. दर जानेवारीला एक लाख भरतो, चौथा हप्ता जवळ आलाय. पावतीचा फोटो जोडला आहे.

उत्तर: फोटो झकास आलाय. एकेक अक्षर वाचता येतं, म्हणूनच विचारतो, तुम्ही ते वाचलंत का? वरच्या कोपऱ्यात विमा कंपनीचं नाव आहे. खाली पॉलिसी क्रमांक, विमा रक्कम १० लाख, हप्ते १० वर्षं, मुदत १५ वर्षं, मुदतीअखेर १७ लाख गॅरंटीड. दिवसभर व्हाउचर तपासणाऱ्या माणसाला दर जानेवारीत लाख मागणाऱ्या एफडीचा संशय येऊ नये? एफडीत पैसे एकदा ठेवतात आणि विसरतात. ही पॉलिसी आहे, आणि ती मोडली तर ३ लाख मिळणार नाहीत.

किती मिळतील? तुमच्या वेळच्या नियमांप्रमाणे अशी पॉलिसी तिसऱ्या वर्षात सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान ३५ टक्के रक्कम मिळते, चौथ्या ते सातव्या वर्षात किमान ५० टक्के. म्हणजे आज साधारण १ लाख ५ हजार. चौथा हप्ता भरून मोडलीत तर ४ लाखांतले २ लाख. दोन्हीकडे जवळजवळ दोन लाखांना चुना. ३ लाख ४० हजारांचा कॅमेरा असा सव्वापाच-साडेपाच लाखांना पडेल, आणि आज मोडलीत तर उरलेले २ लाख ३५ हजार उभे करायचेच राहतील.

आता ते ७० टक्के. दहा लाख भरायचे, सतरा मिळायचे, म्हणून सत्तर. पंधरा वर्षांत! तुमचा प्रत्येक लाख सरासरी साडेदहा वर्षं अडकतो, त्यामुळे वर्षाला जेमतेम पाच टक्के सुटतात. हेच हप्ते पोस्टात पीपीएफला भरले असते तर आजच्या ७.१ टक्क्यांनी पंधरा वर्षांनी २१ लाखांच्या आसपास झाले असते. साहेबांना हे ठाऊक होतं. त्यांना टार्गेट होतं आणि पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर कमिशन सगळ्यात जास्त असतं. ओळखीचे होते म्हणून तुम्ही विचारलं नाहीत, आणि ओळखीचे आहात म्हणूनच त्यांनी तुम्हाला गाठलं.

मग आजच सरेंडर करायची? थांबा. घेताना वाईट असलेली पॉलिसी आज मोडायलाही वाईट असू शकते. आजपासूनचा हिशोब मांडा: मोडली तर १ लाख ५ हजार हातात. चालू ठेवली तर आणखी ७ लाख भरायचे आणि बारा वर्षांनी १७ लाख घ्यायचे. हा परतावा आठ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि विमा रक्कम हप्त्याच्या दहापट असल्यामुळे तो करमुक्त आहे. पहिल्या तीन वर्षांचं नुकसान होऊन गेलंय, ते वजा केलं की उरलेली वाट बरी आहे. कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यूचा आकडा लेखी मागवा. तो किमान रकमेपेक्षा बराच जास्त असेल तर मला पुन्हा लिहा. नाहीतर चौथा हप्ता भरा. अट एकच, पुढचे सातही हप्ते कर्ज न काढता भरता आले पाहिजेत.

आणि इथेच तुमचा ईएमआय आडवा येतो. घरात ८० हजार येतात. २७ गृहकर्जाचे, महिन्याला सव्वाआठ या पॉलिसीचे, चौदा कॅमेऱ्याचे. उरले तीस. मुंबईत, पुढच्या वर्षी दहावीला जाणाऱ्या मुलीसह. दोन वर्षांत कधीतरी जानेवारीचा लाख चुकेल आणि सगळं मुसळ केरात. शिवाय ‘नो-कॉस्ट’मध्ये रोखीची सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुतेक वेळा तुमच्याच माथी येतो.

तीस प्रयोगांचं गणित मी वाचलं आणि चहा ठेवला. गेल्या वर्षी सहा वेळा दीड हजार, म्हणजे नऊ हजार. त्या वेगानं पैसे वसूल व्हायला अडतीस वर्षं लागतील. तुम्ही एकोणऐंशी वर्षांचे असाल. हौशी संस्था वर्षाला तीस प्रयोग करत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत प्राथमिक फेरीचा एक प्रयोग, नशिबानं अंतिम फेरीचा दुसरा. एखादी एकांकिका चार स्पर्धांना फिरते. नाट्यगृहाचं भाडं, नेपथ्य, टेम्पो, जेवणं यांतून उरलं तर फोटोला. पाच हजार कोण देणार, त्या संस्थांची नावं लिहून पाहा.

तुमची खरी अडचण रंगमंचावरच्या अंधाराची आहे, आणि ती स्वस्तात सुटते. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ ला अडते; हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. ८५ मिलिमीटर एफ १.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. फोर्टमधल्या बोरा बाजारात जुनी, तपासून घेतलेली वीस-पंचवीस हजारांत मिळावी. ती बचतीतून घ्या. ७०-२०० हवीच असेल तर हजार-दीड हजार रोजानं भाड्यानं आणा, तीही रंगीत तालमीला. तेव्हा पूर्ण प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगभूषा असते, रिकाम्या प्रेक्षागृहात हवं तिथे उभं राहता येतं आणि शांत प्रसंगात तुमचं शटर खटकन वाजलं म्हणून तिसऱ्या रांगेतल्या काकू वळून बघत नाहीत. मिररलेसचं सायलेंट शटर हा त्यावरचा उपाय खरा, पण एलईडी दिव्यांखाली त्यानं फोटोवर पट्टे उमटू शकतात. भाड्यानं आणून पाहिलंत तर हे साडेतीन लाख घालण्याआधी कळेल.

तुम्ही न विचारलेलं आणखी एक. घर १० लाखांच्या विम्यावर चाललंय, म्हणजे जेमतेम वर्षभराचं उत्पन्न. साठीपर्यंतचा एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा, घ्या. निर्व्यसनी असाल तर वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या घरात पडेल. तो त्या शाखेतून घेऊ नका. मानधन कितीही किरकोळ असलं तरी रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, आणि त्यासाठी आयटीआर-१ हा पगारदारांचा साधा फॉर्म चालत नाही. शिवाय संस्थेनं सांगून, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा कॉपीराइट वेगळं ठरलं नसेल तर संस्थेचा होतो. सचिवांशी दोन ओळींचा लेखी करार करून ठेवा.

राहिली तक्रार. साहेबांनी ‘एफडी’ म्हटलेला एखादा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर तो जपा. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सांताक्रूझला विमा लोकपालाच्या कार्यालयात अर्ज द्या. फी नाही, वकील लागत नाही. तीन वर्षांनी दाद मिळणं कठीण आहे, कारण पॉलिसी परत करायची मुदत कधीच संपली आणि प्रस्तावावर सही तुमची आहे. तरी अर्ज करा, पण त्या भरवशावर जानेवारीचा हप्ता अडवून ठेवू नका.