हसण्याचं काम विनोदापुरतं नसतं

हसणं आणि विनोद ही नुसती करमणूक, की माणसाच्या जगण्यात त्यांचं काही काम असतं, असं तुम्ही विचारलंय. काम असतं, आणि माझ्या मते ते मुख्यतः माणसं जोडण्याचं. विनोद हे त्याचं एक निमित्त.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने चारचौघांत सहज हसणाऱ्या लोकांचे सुमारे १२०० प्रसंग टिपले. बहुतेक वेळा आधी विनोद झालेलाच नव्हता. 'बरं, भेटू मग' इतक्या साध्या बोलण्यावर लोक हसत होते, आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. एकटं असताना आपण जितकं हसतो, त्याच्या जवळपास ३० पट माणसांत हसतो, असंही त्यांना आढळलं. बाळ बोलायला लागण्याच्या कितीतरी आधी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खिदळतं. जन्मापासून ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, अशी मुलंही हसतात. म्हणजे हे कुणाचं बघून शिकलेलं नाही.

मित्रांसोबत हसताना मेंदूत वेदना शमवणारी एंडॉर्फिन्स स्रवतात, असं २०१७ मधल्या एका अभ्यासात दिसलं. पण हसल्याने सगळे आजार पळतात, हे मला पटत नाही. आजारी माणसाला तसं सांगूही नये. त्याच्याजवळ बसून हसावं, ते त्याला जास्त हवं असतं.

दुःखातही हे दिसतं. माणूस गेलेल्या घरात कुणीतरी त्याची एखादी खोड आठवतं आणि रडणारे सगळे एकदम हसू लागतात. त्यात गेलेल्याचा अनादर मला कधीच वाटला नाही. तो सगळ्यांचा होता, हेच त्या हसण्यातून कळतं.

पण हसणं जसं जवळ घेतं तसंच बाहेरही काढतं, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. अडखळत बोलणाऱ्या मुलाची वर्गात नक्कल होते, तेव्हा हसणारे आणखी एकजीव होतात आणि तो एकटा पडतो. अनेकदा तोही हसतो, आणि मग बाकीचे म्हणतात, 'त्याला कुठे वाईट वाटलं?' मनापासून हसताना डोळ्यांभोवतीचे स्नायू आकसतात, हे फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय. तोंडदेखल्या हसण्यात ते सहसा होत नाही. म्हणून गप्पांत कुणाची थट्टा चालली की मी त्याच्या डोळ्यांकडे बघते. ते हसत नसतील तर सरळ विषय बदलते.