हिमालयात ज्वालामुखी का नाहीत?

प्रश्न : अँडीज आणि हिमालय, दोन्ही पर्वत भूपट्ट (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे सरकते तुकडे) एकमेकांवर आदळून उभे राहिले. मग अँडीजमध्ये जिवंत ज्वालामुखींची रांग आणि हिमालयात एकही नाही, असे का?

उत्तर : फरक पाण्याचा आहे. अँडीजखाली नाझका हा सागरी भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकतो. त्याच्या खनिजांत समुद्राचे पाणी मुरलेले असते. सुमारे १०० किलोमीटर खोलीवर दाब आणि उष्णतेमुळे ते बाहेर पडते, वरच्या प्रावरणात (कवचाखालच्या जाड खडकाळ थरात) शिरते आणि तिथल्या खडकाचा द्रवणांक उतरवते. म्हणून खडक वितळतो. घर्षणाने तापून खाली जाणारा भूपट्टच वितळतो, ही समजूत फार पसरली आहे. ती सोडून द्यावी.

हिमालयात दोन्ही बाजूंना खंडीय कवच आहे. त्याची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट, प्रावरणाची ३.३ पट. हलके कवच खोल बुडत नाही, म्हणून प्रावरणात तसे पाणीही पोहोचत नाही. दुमडते, थरावर थर चढतो. तिबेटखाली ते जवळपास ७० किलोमीटर, म्हणजे नेहमीच्या दुप्पट जाड आहे.

मात्र सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या भारत-आशिया टकरीआधी इथेही त्यांच्यामधल्या टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली जात होता आणि ज्वालामुखी होते. लडाखचा ग्रॅनाइट हा त्यांच्याच मुळाशी थिजलेला शिलारस.