बीएमएक्स या कसरतींच्या छोट्या सायकलच्या फोर्कचा (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचा) जुना रंग काढून घरीच नवा मारता येईल का?

येतो, पण साताऱ्यात असाल तर आधी पाऊस सरू द्या. दमट हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो. मी माझा लोखंडी फोर्क दिवाळीनंतर गच्चीवर रंगवला. रबरी हातमोजे घालून पेंट रिमूव्हर लावला, तर थोड्याच वेळात रंग सुरकुतला आणि पापुद्र्यासारखा सुटला. राहिलेला १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग ४०० ने. आट्यांवर आठवणीने मास्किंग टेप लावा. थिनरने पुसल्यावर मात्र बोटसुद्धा लावू नका, तेलकट डागावर रंग धरत नाही. प्राइमर, मग रंगाचे तीन पातळ हात. जाड हात दिला की ओघळलाच! आठवडाभर तरी बनी हॉपचा, म्हणजे सायकलची दोन्ही चाके उचलून मारायच्या उडीचा, सराव नको. वरून वाळलेला रंग आतून कच्चा असतो, पहिल्याच पडण्यात टवका उडतो.