स्तोत्र ९१ रोज वाचतो, तरी पैसे गेले

प्रश्न : काका, सलाम. मी कळव्याला राहतो, महापेला एमआयडीसीत कामाला आहे. रम्मीचा नाद होता, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा आला आणि ॲप बंद पडलं, वाटलं सुटलो एकदाचा, पण कंपनीतल्या एकाने क्रिकेटवर सट्टा लावायची आयडी काढून दिली आणि परत सुरू. मागच्या महिन्यात बायकोच्या भिशीचे ४० हजार घालवले, तिला अजून माहीत नाही. मी रोज ठाण्याहून पनवेल लोकलमध्ये बसलो की बायबलमधलं देवाच्या संरक्षणाचं स्तोत्र ९१ वाचतो, मोबाईलचा वॉलपेपर पण तेच आहे, कधीकधी तर वाचून झाल्यावरच पैसे लावलेत. देवाने माझ्यावरचं संरक्षण काढून घेतलं का?

उत्तर : सलाम रे. भिशीचं नंतर बोलू. 'वाचून झाल्यावरच पैसे लावलेत' हे मी तीनदा वाचलं, कारण तुझा सगळा घोळ तिथेच आहे.

बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ४ था अध्याय काढ. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभं करतो, म्हणतो मार उडी, आणि आधाराला काय देतो तर हेच स्तोत्र ९१! देवदूत तुला हातांवर झेलतील, पायाला दगड लागू देणार नाहीत, म्हणजे ११ आणि १२ वं वचन. पण ११ व्यातलं 'तुझ्या सर्व मार्गांत' एवढं त्याने बरोबर गाळलंय, आणि १३ व्याच्या आधी थांबलाय, कारण तिथे सिंह आणि नाग पायाखाली तुडवायचं लिहिलंय, ते तो कशाला वाचून दाखवेल. येशूचं उत्तर बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायातलं, देवाची परीक्षा पाहू नको. खाली यायला पायऱ्या असताना उडी मारायची आणि देवाला झेलायला लावायचं, याला मार्ग म्हणत नाहीत. तू आधी स्तोत्र वाचलंस आणि मग आयडी उघडलीस, म्हणजे विमा काढून उडी मारलीस.

त्यामुळे संरक्षण काढलं का, तर नाही. भर मे महिन्यात फलाटावरचं छप्पर संपतं तिथे पुढे जाऊन उभं राहायचं आणि रेल्वेने छप्पर नेलं म्हणायचं, असं चाललंय तुझं.

आता योसेफ बघ, उत्पत्तीच्या पुस्तकाचा ३९ वा अध्याय. तो ज्याच्याकडे गुलाम होता त्या पोटीफरच्या बायकोने त्याला मोहात पाडायला वस्त्र धरलं, हा तिथे बोलत बसला नाही, गुडघेही टेकले नाहीत, वस्त्र तिच्या हातात टाकून बाहेर पळाला. इथपर्यंत संडेस्कूलमध्ये सगळे शिकवतात, पुढचं घाईत उरकतात. पुढे त्याला मिळाला तुरुंग! मोह टाळला आणि वर खोटा आळ. पण त्याच अध्यायात तुरुंगातसुद्धा परमेश्वर योसेफाबरोबर होता असं आहे. म्हणजे संरक्षण म्हणजे नुकसान होणार नाही, असं तू धरून बसलायस ते काही खरं नाही. बायकोला सांगितलंस की भांडण होणार, आठवडाभर घरात कोणी धड बोलणार नाही, कदाचित ती माहेरीही जाईल, तरी ते घडत असताना तू देवाच्या सावलीतच असशील, आत्ता गप्प आहेस त्यापेक्षा नक्कीच जास्त. रविवारच्या उपासनेची वाट बघू नकोस, आधीच सांग.

आणि वेळ ओळख. येशूला ४० दिवस उपाशी असताना भाकरीचा मोह आला, पोट भरलेलं असताना नाही. तुझी भूक कधीची, पगाराचा मेसेज आला की, का रात्रीची मॅच असली की? हीच गोष्ट सांगताना लूक तर त्याच्या शुभवर्तमानात लिहितो, सैतान 'संधी मिळेपर्यंत' गेला, म्हणजे तो परत येणार हे धरूनच चालायचं. माझं सांगतो, शुगर आहे, तरी गोखले रोडवरून चाललो की जिलेबीच्या वासाला पाय थांबतात, म्हणून दोन वर्षं झाली राममारुती रोडने जातो. (तिकडेही दुकानं आहेतच, पण तिथला मालक ओळखीचा, तो मलाच रागावतो.) तुझ्याकडेही असा एक रागावणारा माणूस पाहिजे. पगार झाला की पैसे बायकोच्या खात्यात टाक. आणि हात थांबतच नसेल तर सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, फोन करायला लाजू नकोस, पास्टर आणि डॉक्टर दोघंही चालतात.

प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हाला परीक्षेत आणू नको' म्हणतो ना आपण, लहानपणी मला वाटायचं सहामाही रद्द होईल. ती परीक्षा म्हणजे हा मोह. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १० व्या अध्यायात पौल म्हणतो, देव परीक्षेबरोबर बाहेर पडायची वाटही करून ठेवतो. तुझी वाट आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक करण्यातून जाते, तो रोज शेजारी बसून डबा खात असला तरी.

ब्लॉक केलास की मला एक ओळ टाक. स्तोत्राचा फोटो पाठवू नकोस.