पाणी नेमकं कुठे मुरतंय?

प्रश्न : आमच्या तळ्याची पातळी रोज बोटभर उतरते. ठेकेदार म्हणतो, बेंटोनाइटची, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीची, पोती पाण्यात ओता, पाझर थांबेल. शेजारी सांडपाण्यासाठी पाणवनस्पतींचा वाफाही करायचा आहे. त्याचा तळ गाळाने आणि मुळांनी आपोआप बुजतो, अस्तर नको, असं त्याचं म्हणणं. पटतं का?

उत्तर : दोन्ही पटत नाही.

मुळात ते पाणी मुरतंय की उडतंय, हे कुणी तपासलंय का? तळ्यात दगडावर एक बादली ठेवा, काठ पाण्याच्या वर राहील अशी. आत बाहेरच्याइतकंच पाणी भरा. पाऊस नसताना, पंप बंद ठेवून दोन-तीन दिवसांनी दोन्हीकडची घट मोजा. बादलीतली घट म्हणजे बाष्पीभवन. तळ्यात त्याहून जास्त उतरलं तेवढाच पाझर. कडक उन्हावाऱ्यात दिवसाला 8-10 मिमी नुसतं उडून जाऊ शकतं, त्याला अस्तर काय करणार?

पाझर निघालाच, तर पातळी कुठे थबकते ते पाहा. ठरावीक उंचीला येऊन थांबत असेल, तर तळाला दोष देऊ नका. त्या उंचीला बांधात उंदरा-खेकड्याचं बीळ असेल, कुजलेलं मूळ असेल, नाहीतर बांधातून काढलेल्या पाइपाची कड. माझा पहिला संशय नेहमी पाइपावर.

तळच पाझरत असेल, तर तळं रिकामं करा. खालच्या ओल्या मातीची वळी वळून बघा. न तुटता लांब वळली, तर पोत्यांवर खर्च कशाला? तीच माती 15-15 सेंमीच्या दोन थरांत, वाफशाहून किंचित जास्त ओलीवर, शीप्सफूट रोलरने (खुरांसारखे खुंट असलेल्या रुळाने) दाबा. कोरडी ढेकळं कितीही दाबली तरी मधे फटी राहतातच. आणि दाबलेला थर उन्हात उघडा टाकू नका, भेगा पडतील.

माती रेताड निघाली तरच बेंटोनाइट. तेही सोडियमचं, कॅल्शियमचं फारच कमी फुगतं. चौरस मीटरला 5 ते 15 किलो, रेती जास्त तसं प्रमाण जास्त. वरच्या 10-15 सेंमी मातीत कालवून दाबायचं. कणांमधल्या पोकळीत अडकून फुगलं, तरच ते पाणी अडवतं. पाण्यात ओतलेलं कुठे जाऊन बसेल, सांगता येत नाही.

वाफ्याला मात्र अस्तर हवंच. गाळाने तळ बुजतो खरा, पण हळूहळू आणि कुठे कमी, कुठे जास्त. तोवर न शुद्ध झालेलं सांडपाणी भूजलात उतरत राहतं. मुळं तर उलट वाटाही करून देतात. नळगवत लावणार असाल, तर पातळ प्लॅस्टिकचा कागद घेऊ नका, त्याचे टोकदार कोंब आरपार जातात. जाड एचडीपीई (दणकट प्लॅस्टिक) घ्या, खाली-वर जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीत वापरायचं कृत्रिम धाग्यांचं कापड, अंथरा. खडी पसरण्याआधी वाफा पाण्याने भरून काही दिवस पातळी बघा, पाइपाच्या जोडाशी विशेष. ठेकेदाराचं शेवटचं बिल त्यानंतर.