डेटाबेस टेपवर उतरवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत लिनक्सवर पोस्टग्रेस (डेटाबेस सॉफ्टवेअर) आहे. दर शनिवारी रात्री पीजी-डम्पचं (डेटाबेसची प्रत काढणाऱ्या कमांडचं) आउटपुट पाइपने, म्हणजे मध्ये फाइल न बनवता, थेट एलटीओ-८ (बॅकअपच्या चुंबकीय) टेपवर जातं, मग त्याच टेपवर युजर-रोल्सचा (वापरकर्ते आणि त्यांच्या अधिकारांचा) डम्प. ड्राइव्ह सारखा थांबतो, मागे जातो, पुन्हा सुरू होतो. शिवाय टेप वाचली तर फक्त रोल्स मिळतात. डेटाबेस कुठे गेला?

उत्तर: डेटाबेसवर रोल्स लिहिले गेले. लिनक्स एकाच ड्राइव्हला दोन नावं देतं, एसटी० आणि एनएसटी०. एसटी०वर लिहून झालं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, त्यामुळे तुमचा दुसरा डम्प पहिल्याच्या जागी बसला. रोल्सची फाइल चिमुकली असली तरी तिच्यामागे 'डेटा इथे संपला' अशी खूण पडते आणि त्यापुढचं ड्राइव्ह वाचत नाही. त्या टेपवरचा डेटाबेस गेलाच समजा आणि आजच नवा बॅकअप घ्या. यापुढे स्क्रिप्टमध्ये एनएसटी० वापरा. दुसरी फाइल वाचायची तर 'एमटी' या टेप हलवणाऱ्या कमांडने टेप रिवाइंड करून एक फाइलमार्क (फाइल संपल्याची खूण) पुढे न्या.

थांबण्याचं कारण वेगळं. हा ड्राइव्ह सेकंदाला ३६० एमबीपर्यंत लिहितो. पाइपमधून जाणारा पीजी-डम्प एकेक टेबल वाचतो आणि वर कॉम्प्रेसही करतो, त्याला हा वेग झेपत नाही. डेटा आटला की ड्राइव्ह आधी वेग कमी करतो. त्यानेही भागलं नाही तर टेप थांबवून मागे घेतो. यात टेप आणि हेड दोन्ही झिजतात.

म्हणून डम्प आधी डिस्कवर घ्या: डिरेक्टरी फॉरमॅट (एका फोल्डरात अनेक फाइली), ४ समांतर जॉब (एकाच वेळी चार टेबलं). पीजी-डम्प यशस्वी झाला तरच पुढची पायरी चालू द्या. पाइपमध्ये हेच निसटतं: 'पाइपफेल' हा पर्याय लावलेला नसेल तर बॅश (कमांड चालवणारं शेल) फक्त शेवटच्या कमांडचा निकाल बघतं, आणि अर्धवट डम्पही यशस्वी ठरतो. मग ती डिरेक्टरी 'टार'ने (अनेक फाइलींची एक गठडी बांधणाऱ्या कमांडने), एमबफरमधून (डेटा मेमरीत साठवून पुढे देणाऱ्या प्रोग्रॅममधून) टेपवर पाठवा. ब्लॉक (टेपवर एका वेळी लिहायचा तुकडा) २५६ केबीचा, म्हणजे टारचा ब्लॉकिंग फॅक्टर (एका ब्लॉकमध्ये ५१२ बाइटचे किती तुकडे) ५१२, आणि एमबफरलाही तोच आकार सांगा. बफर ४ जीबी ठेवा आणि तो ९० टक्के भरल्यावरच लिखाण सुरू होऊ द्या.

कार्ट्रिजवरचा (टेपच्या डबीवरचा) ३० टीबीचा आकडा कॉम्प्रेशन गृहीत धरून दिलेला असतो, तो विसरा. डम्प आधीच कॉम्प्रेस झालेला असतो, त्यामुळे १२ टीबीच धरा.

प्रश्न: टेप वाचताना टार 'मेमरी मिळत नाही' म्हणतं. रॅम वाढवावी का?

उत्तर: नको. टार आपणहून १० केबीच्या हिशेबाने वाचतं, टेपवरचा ब्लॉक त्याहून मोठा असला की हाच एरर येतो. लिहिताना दिलेला ब्लॉकिंग फॅक्टर वाचतानाही द्या. तो आकडा आणि पोस्टग्रेसची आवृत्ती लेबलवर लिहून ठेवा.

प्रश्न: पीजी-रिस्टोरने (डम्प परत भरणाऱ्या कमांडने) डम्पमधल्या गोष्टींची यादी दिसली, म्हणजे बॅकअप चांगला ना?

उत्तर: तेवढ्यावरून ठरत नाही. यादी फक्त अनुक्रमणिकेतून येते, टेबलांमधल्या ओळी तपासल्याच जात नाहीत. दुसऱ्या सर्व्हरवर आधी रोल्स, मग रिकामा डेटाबेस आणि त्यात पूर्ण रिस्टोर करा. मोठ्या टेबलांच्या ओळी मोजून डम्पच्या वेळी नोंदवलेल्या आकड्यांशी ताडून पाहा.