डायनिंग टेबलवर लॅपटॉप, मान-खांदा दुखतो : खुर्ची घेण्याआधी हे मोजा

तुमचा प्रश्न असा : उंची ५ फूट २ इंच, डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून रोज आठ तास काम, मान आखडते, उजवा खांदा ठणकतो, अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. गेमिंग खुर्ची घ्यावी का?

आत्ता घेऊ नका. तुमचं दुखणं खुर्चीपेक्षा टेबलाच्या उंचीतून आणि लॅपटॉपच्या घडणीतून येतंय. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात सुखात ठेवले तर मान वाकते, आणि मान सरळ ठेवावी तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. कितीही महाग खुर्ची आणली तरी हे सुटत नाही. म्हणून पहिली खरेदी वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माउस. त्याशिवाय पुढचं काहीच जमवता येणार नाही.

आता मोजमाप. सगळं कोपरापासून ठरतं. खुर्चीत मागपर्यंत सरकून बसा, खांदे सैल सोडा, दंड अंगालगत आणि कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंत घरातल्या कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. तुमच्या उंचीच्या व्यक्तीचे पाय जमिनीला टेकलेले असताना हे माप साधारण ६० ते ६२ सें.मी. येतं. डायनिंग टेबल बहुधा ७५ सें.मी. उंच असतं, त्यावर कीबोर्डची जाडी २ सें.मी. म्हणजे हात हवेत त्यापेक्षा १५ ते १७ सें.मी. वर. ही उंची शरीर खांदे उचलून भरून काढतं. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दिवसभर आवळलेला राहिला की त्यातला रक्तप्रवाह मंदावतो, आणि संध्याकाळी तो दगडासारखा लागतो. मालिशने रात्रीपुरतं बरं वाटतं, पण टेबल तेवढंच उंच राहिलं तर दुसऱ्या दिवशी तेच.

उपाय दोन. टेबल खाली आणा किंवा स्वतः वर या. ६० ते ६५ सें.मी. उंचीचं साधं टेबल मिळालं, किंवा जुन्या लाकडी टेबलाचे पाय सुताराकडून कापून घेता आले, तर तेच उत्तम. ते शक्य नसेल तर बैठक उंच करायची. डायनिंगची खुर्ची सुमारे ४५ सें.मी. असते, तिच्यावर ८ ते १० सें.मी. जाडीचा कडक फोम घाला. मऊ उशी नको. ती बसल्यावर निम्मी दबते, शिवाय एका बाजूला कलते. उंची वाढवल्यावर एक गोष्ट लगेच तपासा : टेबलाच्या फळीखाली जी आडवी पट्टी असते तिला मांड्या घासतात का. घासत असतील तर हे टेबल टायपिंगच्या कामाचं नाही, त्याच्याशी झगडत बसू नका.

बैठक वर गेली की पाय लोंबकळतात. बरेच जण हे तसंच सोडून देतात आणि मग मांडीखाली बैठकीची कड रुतते, पाय बधिर होतात, माणूस पुढे घसरतो आणि कंबरेचा आधार सुटतो. तुमच्या बाबतीत पायाखाली १३ ते १५ सें.मी. लागतील. घरातला पाट पुरणार नाही, आणि पाटावर पाट रचले तर ते सरकतात. बुटका चौरंग किंवा रद्दीचे घट्ट बांधलेले गठ्ठे चालतात. दोन्ही पावलं पूर्ण टेकली पाहिजेत, नुसत्या टाचा किंवा चवडे नव्हे.

पडदा यानंतर लावा, आधी नाही, कारण बैठक बदलली की डोळ्यांची पातळीही बदलते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा दोन-तीन बोटं खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटांची टोकं टेकतील इतकं. १४ इंची लॅपटॉप उघडल्यावर पडदा टेबलापासून २० सें.मी.च्या आसपास उभा राहतो, त्यामुळे लॅपटॉपखाली आणखी साधारण २० सें.मी. उंची द्यावी लागेल. जाड पुस्तकं चालतील, फक्त लॅपटॉपच्या तळाची हवेची छिद्रं झाकू नका. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडदा आणखी खाली घ्या. नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मान मागे मोडते.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर करावी. देवनागरीत ओळीच्या वर रफार, अनुस्वार, वेलांट्या आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय असतात. इंग्रजीला पुरणाऱ्या आकारात ते नीट दिसत नाहीत आणि माणूस नकळत पडद्याकडे झुकतो. डोक्याचं वजन सुमारे ५ किलो असतं. डोकं जितकं पुढे येतं तितका मानेच्या मागच्या स्नायूंवरचा ताण वाढतो. म्हणून सिस्टिमचं स्केलिंग, म्हणजे पडद्यावरची अक्षरं-चित्रं मोठी करण्याची सेटिंग, १२५ टक्के करा, लागलं तर १५०. मानेच्या तक्रारीवर हा फुकटचा उपाय आहे आणि फार थोडे जण तो करतात. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत टाइप करत असाल तर ख, घ, थ, ध अशा महाप्राण अक्षरांसाठी शिफ्ट सतत लागते. अक्षर ज्या हाताने दाबता त्याच्या विरुद्ध हाताची शिफ्ट वापरा. एकाच हाताने दोन्ही दाबलं की करंगळी ताणली जाते आणि मनगट वाकडं होतं.

आता उजवा खांदा. बहुतेकदा दोषी असतो तो कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांचा भाग. त्यामुळे माउस लांब जातो आणि दंड दिवसभर अंगापासून फाकलेला राहतो. आकडे फारसे लागत नसतील तर तो भाग नसलेला कीबोर्ड घ्या, आणि अक्षरांच्या भागाचा मध्य बेंबीसमोर येऊ द्या. टॅलीवर काम करणाऱ्यांना आकडे सोडता येत नाहीत. त्यांनी माउस डाव्या हातात घ्यावा. थोडे दिवस अवघड जातं, मग सवय होते.

मुंग्यांचं कारण मनगटात आहे असं दिसतं. तळहाताकडच्या बाजूला हाडांच्या एका अरुंद बोगद्यातून बोटं वळवणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नस जाते. मनगट वर किंवा खाली मोडलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग याच नसेचे. म्हणून कीबोर्डच्या मागचे पाय उघडले असतील तर ते आधी मिटवा, त्यांनीच मनगट वर मोडतं. मनगटाखालची जेलची पट्टी टाइप करताना वापरू नका, ती नेमकी त्या बोगद्यावरच दाबते. थांबल्यावर तळहाताची गादी टेकवायला ठीक. करंगळीला मुंग्या येत असतील तर प्रकरण वेगळं : करंगळीची नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते आणि टेबलाच्या धारदार कडेवर कोपर टेकवल्याने चेपते.

पाठीसाठी काटकोनात ताठ बसण्याचा अट्टहास सोडा. आधाराविना बसलं की कंबरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त असतो, आणि मागे रेललं व कंबरेला आधार मिळाला की तो कमी होतो. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चकत्यांमधला दाब सुईने प्रत्यक्ष मोजून हे दाखवलं. पाठ १०० ते ११० अंशांत ठेवा. टर्किश टॉवेलची घट्ट गुंडाळी पट्ट्याच्या रेषेत ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. गुंडाळी बरगड्यांपर्यंत वर सरकली तर उपयोग नाही. खुर्चीत मांडी घालायची सवय असेल तर ती खांद्याला महागात पडते, कारण गुडघे पोटाला टेबलापासून दूर ठेवतात आणि हात लांबवावे लागतात.

पुढेमागे खुर्ची घ्यालच तर बैठकीची खोली आधी बघा. पाठ टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची लवण यांत दोन-तीन बोटं जागा हवी. तुमच्या उंचीला खोली ४० ते ४२ सें.मी. लागते. गेमिंग खुर्च्या बहुतेक याहून खोल असतात आणि त्यांचे खांद्याजवळचे पंख खांदे पुढे ढकलतात. हात टेकायचे दांडे टेबलाखाली जात नसतील तर काढून टाका.

हे सगळं जमलं तरी दर अर्ध्या तासाने उठाच. मिनिट-दोन मिनिटं पुरतात, फोन उभ्याने घेतला तरी चालेल. उठाल तेव्हा सहा मीटर दूर कुठेतरी वीसेक सेकंद बघा. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात आणि छताचा पंखा थेट तोंडावर असेल तर डोळे अधिकच कोरडे पडतात.

मुंग्यांकडे मात्र लक्ष ठेवा. रात्री त्यांनी जाग येत असेल, कप हातून सुटत असेल, अंगठ्याच्या मुळाचा फुगीर भाग दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसत असेल, किंवा मानेतून हातात कळ उतरत असेल तर टेबलाची जुळवाजुळव करत थांबू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. नसेची वहन तपासणी केली की दाब मनगटात आहे की मानेत, हे बहुतेक वेळा उमगतं. तोपर्यंत रात्री मनगट दुमडून उशीखाली घालून झोपू नका.